काळ्या मातीवरचं घर आणि काटकोनातली पेटी

तेलंगणातल्या भैंशात आज दोन तऱ्हेची स्वयंपाकघरं होतात. एका तऱ्हेत सुतार घरी येतो, ओसरीत किंवा गच्चीवर प्लायचे ताव पसरतो आणि काम संपेपर्यंत तिथेच कापत, ठोकत बसतो. दुसऱ्या तऱ्हेत दुकानाचा माणूस टेप घेऊन येतो, चहा संपायच्या आत मापं घेतो, आणि काही आठवड्यांनी निजामाबादहून, नांदेडहून नाहीतर थेट हैदराबादहून टेम्पोत तयार पेट्या येतात. दुसरी तऱ्हा दिसायला सुबक, उरकायला झटपट. पण तिच्यात एक गोष्ट हरवते, आणि ती हरवली हे पेट्या भिंतीला लावायच्या दिवशीच कळतं.

घरी बसून काम करणारा सुतार भिंत बघून फळी कापतो. भिंत वर जाताना बाहेर झुकली असेल तर तो फळीही तशीच तिरकी उतरवतो, कोपरा उघडा असेल तर पाचर घालतो, जमीन उतरती असेल तर खालची पट्टी एका बाजूला निमुळती करतो. याचा तो गाजावाजा करत नाही, बिलातही लावत नाही. कारखान्यातली पेटी यंत्रावर कापलेली असते. चारही कोपरे नव्वद अंशांचे, आणि ती कुणाचं ऐकत नाही. सुतार जे न सांगता करत होता ते सगळं आता पेटी येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. हा दुसरा कुणीतरी म्हणजे घरमालक. हे प्रकरण त्या तयारीचं आहे; बिजागऱ्या आणि हँडल यांचा विचार त्यानंतर.

आपल्या भागातल्या जुन्या घरांना हा प्रश्नच नव्हता. माळवदाच्या घरात भिंत दीड-दोन फूट जाडीची, आणि कपाट भिंतीच्या पोटातच. दिव्याला देवळी, भांड्यांना फडताळ, धान्याला बळद. मडक्यांची उतरंड कोपऱ्यात, दूध-तूप शिंक्यावर. भिंत सरळ आहे का, हे कुणी विचारलं नाही, कारण तिला काही टेकवायचंच नव्हतं. पुढे चूल जमिनीवरून उठली आणि ओटा आला, तोही दगडाचा. वर काळा कडप्पा, खाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे, पायाखाली शहाबादी. त्यातली शहाबादी आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातली, तिच्याशी स्पर्धा करणारी तांडूरची फरशी विकाराबाद जिल्ह्यातली, आणि पुढे ओट्यावर आलेला तपकिरी ग्रॅनाइट करीमनगरकडचा. सगळा जुना निजामी मुलूख. कडप्पा मात्र निजामाने १८०० मध्येच इंग्रजांना देऊन टाकलेल्या जिल्ह्यांतला. भैंसाही निजामाच्याच मुलखातला. नांदेड जिल्ह्यातलं हे गाव १९५६ ला आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात, २०१४ ला तेलंगणात आणि ऑक्टोबर २०१६ पासून नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं. ओट्यावर मात्र भाकरीच थापली जात राहिली.

पेट्यांच्या स्वयंपाकघराचं मूळ जर्मनीत सापडतं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी वसाहती उठत होत्या, तेव्हा मार्गारेटं श्युटं-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर जातो याची मोजदाद करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. साखर-तांदळाला ॲल्युमिनियमचे ओतायचे खण, आणि पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठाला कीड लागत नाही असा हिशोब. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली. नंतर युरोपातल्या कारखान्यांनी पेटीची मापं ठरवून टाकली. बाजूच्या फळीतल्या भोकांमध्ये ३२ मिलिमीटर अंतर, बिजागरीच्या वाटीचा व्यास ३५ मिलिमीटर, खालच्या पेटीची उंची बहुधा ७२० मिलिमीटर. हैदराबादला ऑगस्ट २०१८ मध्ये आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही मापं आपल्या बाजारात आलेली होती. ती कुणाच्या तरी स्वयंपाकावरून ठरलेली आहेत, फक्त तो स्वयंपाक आपला नव्हता.

म्हणून तयारीचं पहिलं काम टेप घेऊन भिंतीकडे जाण्याचं नाही, भांड्यांकडे जाण्याचं आहे. घरातली सगळ्यात मोठी परात काढा आणि मोजा. बाजारात तारेच्या ट्रॉल्या मिळतात त्यांची खोली २० इंच असते. लग्नाकार्यात घेतलेली २४ इंची परात त्यात कधीच बसणार नाही. ती उभी ठेवायला एक अरुंद, उंच खण लागतो आणि तो आराखड्यातच मागून घ्यावा लागतो. काठवट, पोळपाट, तवा, चकलीचा सोऱ्या, खलबत्ता, लोणच्याच्या बरण्या, १५ किलोचा तेलाचा डबा, ज्वारी आणि तूरडाळीचं वर्षाचं पिंप. यातलं रोजचं कोणतं, सणावारीचं कोणतं, आणि स्वयंपाकघरात नसलं तरी चालेल असं कोणतं, हे घरातल्या बाईला विचारून लिहून काढावं. दुकानात दाखवायला ठेवलेल्या स्वयंपाकघरात काचेच्या बाटल्या आणि कॉफीचे कप असतात. पिंप नसतं. ते कुठे जाणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही तर दुकानदार कशाला काढील?

उंचीचंही तसंच. उभ्याने काम करायचा ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, असा ढोबळ नियम आहे. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंच. आता पेटीचा हिशोब पाहा. ७२० ची पेटी, खाली १०० मिलिमीटरचे पाय, वर २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट, एकूण ८४०, म्हणजे ३३ इंच. ठीक. पण दुकानदाराने १५० चे पाय लावले तर तोच ओटा ८९० वर, ३५ इंचांवर जातो. भाजी चिरायला चालेलही एखादे वेळी; भाकरी थापायला नाही. भाकरीचं पीठ मळताना आणि थापताना खांद्यातून जोर खाली जातो, त्याला जागा आणखी खाली हवी. उंच ओट्यावर रोज आठ-दहा भाकऱ्या थापणारीचा खांदा वर्षभरात बोलायला लागतो. गॅसच्या शेजारचा दोन-अडीच फुटांचा तुकडा तीन इंच खाली घ्यावा, असं माझं सरळ मत आहे. दिसायला ते बरं दिसत नाही असं दुकानदार म्हणतील. भाकरी त्यांना थापायची नसते. ज्या घरात अजून खाली बसूनच काठवटीत भाकरी होते, तिथे तेवढी जमीन मोकळी ठेवणं हीसुद्धा तयारीच.

आता भिंतीकडे येऊ, आणि भिंतीआधी जमिनीकडे. आपल्या गावांची जुनी रीत शेत काळीवर आणि वस्ती पांढरीवर, अशी होती. ती रीत उगाच पडलेली नव्हती. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचं चिकण खनिज असतं. त्याचे थर पाणी आत घेतात आणि एकमेकांपासून दूर सरतात, त्यामुळे पावसाळ्यात माती फुगते. चैत्र-वैशाखात तेच पाणी उडून जातं, माती आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते. भैंशाची बाजारपेठ आणि जिनिंगच्या गिरण्या तिच्यावरच उभ्या आहेत. पण गाव वाढलं, पांढरी संपली आणि प्लॉट कापसाच्या रानात पडू लागले. दरवर्षी खालून वर-खाली होणाऱ्या जमिनीवर बांधलेल्या घराला तडे जाणारच, पाया कठीण थरापर्यंत नेला नसेल आणि मुरमाची भर नीट नसेल तर हमखास. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, पण साध्या दोन-तीन खोल्यांच्या घराला तो क्वचितच कुणी घालतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा असेल तर तो जिता आहे की मेलेला, हे आधी ठरवा. तड्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा लिंपायचा आणि त्यावर पेन्सिलीने तारीख घालायची. पट्टा उन्हाळा-पावसाळा अखंड राहिला तर तडा थांबला. फुटला तर भिंत अजून चालते आहे. चालत्या तड्यावर सिमेंट भरून वर टाइल लावणं म्हणजे पैसे भिंतीत गाडणं. तिथे टांगायच्या पेट्या अशा आखाव्यात की तडा दोन पेट्यांच्या सांध्यावर येईल, एका पेटीच्या पाठीमागे नाही. भिंत दोन सूत हलली तर सांधा उघडेल, पण दार अडकणार नाही.

मग मापं. इथे घाई करू नये, कारण पुढचं सगळं यावर उभं असतं. पहिली अट अशी की टाइल लागल्यावरच शेवटचं माप घ्यायचं. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून एका भिंतीवर पाऊण-एक इंच खातात, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर त्याच्या दुप्पट.

जमिनीची पातळी बघायला गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. पाचशे रुपयांचंही काम नाही, आणि लेझरइतकंच खरं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं. त्यात किंचित नीळ टाकली तर बरं दिसतं. मधे एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं. एका भिंतीवर जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर खूण करायची. एकाने नळीचं तोंड त्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं तोंड पुढच्या कोपऱ्यात. पाणी आधी डोलतं, मग सावकाश थांबतं. पहिल्या टोकाला ते खुणेवर आलं की दुसऱ्या टोकाला पेन्सिलीची रेघ. असं सगळीकडे फिरून रंगाच्या दोऱ्याने भिंतीभर एक आडवी रेषा मारून घ्यायची. आता त्या रेषेपासून खाली, जमिनीपर्यंत, फूट-फूट अंतरावर माप घेत जायचं आणि भिंतीवरच लिहायचं. जिथे आकडा सगळ्यात लहान, तिथे जमीन सगळ्यात उंच. पेट्यांची उंची त्या जागेपासून वर धरायची आणि बाकीच्या ठिकाणी पाय फिरवून लांब करायचे. उलट केलं, म्हणजे सखल कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर उंच जागी पोचल्यावर पेटीचे पाय आखूड करायला जागाच उरत नाही. आपल्याकडे तर स्वयंपाकघराची जमीन मोरीकडे मुद्दाम उतरती केलेली असते. दहा फुटांत इंच-दीड इंच उतार सहज निघतो.

भिंत उभी सरळ आहे का, ते ओळंब्याने कळतं. ओळंबा छतालगत खिळ्याला लटकवून दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर, मधे आणि खाली मोजायचं. तिन्ही आकडे एक आले तर गवंड्याला निरोप पाठवा, त्याने चांगलं काम केलं. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहायला कुठलंच यंत्र लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट यायला हवं. जास्त आलं तर कोपरा उघडा, कमी आलं तर मिटलेला. हे माप जमिनीलगत एकदा आणि ओट्याच्या उंचीवर एकदा घ्यावं. थापीने प्लास्टर ओढताना कोपऱ्यात माल साचतो आणि कोपरा आतून गोलसर होतो, त्यामुळे दोन्हीकडची उत्तरं वेगळी येतात. कोपऱ्यात दोन इंचांची फिलर पट्टी मागून घ्यायची ती एवढ्यासाठीच. तीच एक फळी भिंतीप्रमाणे जागेवर तासता येते. शिवाय ती नसेल तर एका बाजूचा ड्रॉवर उघडताना दुसऱ्या बाजूच्या हँडलला आपटतो.

मापं कोणत्या भाषेत लिहायची, हाही प्रश्नच आहे. आपला सुतार इंच आणि सूत बोलतो, आठ सूत म्हणजे इंच. कारखाना मिलिमीटर बोलतो. मधला माणूस तोंडी हिशोबात इंचाला २५ धरतो. दहा फुटांच्या भिंतीचे १२० इंच, गुणिले २५ बरोबर ३०००. खरी भिंत ३०४८. जवळजवळ दोन इंचांची फट कोपऱ्यात राहते आणि ती झाकायला मग काय काय शोध लागतात! पहिल्यापासून टेपची मिलिमीटरची बाजू वापरा आणि लिहिलेला कागद दोघांनी वाचून सही करा.

बऱ्याच घरांत मात्र संपूर्ण पेट्या घेतच नाहीत. कडप्प्याचा ओटा तसाच ठेवून त्याच्या कप्प्यांत ट्रॉल्या बसवतात. खर्च निम्म्यावर येतो, दगडाला वाळवी लागत नाही, आणि मला स्वतःला ही पद्धत आपल्या हवेला जास्त शहाणी वाटते. पण तिची तयारी अधिक काटेकोर. तारेच्या ट्रॉल्या १५, १७, १९, २१ इंच अशा ठरावीक रुंदीतच मिळतात. समजा दोन कडप्प्यांमधली मोकळी जागा २२ इंच, म्हणजे ५५९ मिलिमीटर आहे. दगडात स्क्रू धरत नाही म्हणून दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटर प्लाय लावायचा. ३६ गेले, उरले ५२३. ट्रॉली ज्या टेलिस्कोपिक चॅनलवर सरकते ते प्रत्येक बाजूला अर्धा इंच घेतात, म्हणजे आणखी २५ गेले. राहिले ४९८. १९ इंची ट्रॉली ४८३ ची. बसली, १५ मिलिमीटर शिलकीत. पण कडप्पा सगळीकडे एकाच जाडीचा नसतो आणि उभा ओळंब्यात क्वचितच असतो. हीच जागा मागच्या बाजूला सहा सूत, म्हणजे १९ मिलिमीटर आवळलेली असेल तर ट्रॉली अर्ध्यात अडकते आणि १७ इंची घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक कप्पा सहा ठिकाणी मोजायचा, पुढे वर-मध्ये-खाली आणि मागे वर-मध्ये-खाली. हिशोबात सगळ्यात लहान आकडा धरायचा. पुढचंच माप घेऊन ट्रॉल्या आणणारे दुकानात परत जाताना रोज दिसतात.

टांगायच्या पेट्यांसाठी भिंतीची ताकद बघावी लागते. तीन फुटी पेटी, त्यात स्टीलचे भरलेले डबे आणि ताटं, असं सगळं मिळून ५०-६० किलो होतं. दोन भरलेली सिलिंडरं भिंतीला लटकवण्यासारखंच आहे ते. भिंत कशाची आहे, हे ड्रिलची धूळ सांगते. लाल आली तर पक्की वीट. राखाडी आली तर सिमेंट किंवा काँक्रीट. पांढरी आणि पिठासारखी आली तर हलके ब्लॉक, त्यांना वेगळे, लांब अँकर लागतात. आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि मऊ माती बाहेर आली तर थांबा. ती मातीत रचलेली जुनी भिंत आहे. तिच्यावर पेटी टांगायचा विचारही नको, जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट घ्यावं. मातीच्या भिंतीवर मांडणी ठेवण्याइतकाच भरवसा टाकायचा असतो.

ओलीचा प्रश्न पेटी आल्यावर दिसेनासा होतो, म्हणून तो आधी शोधायचा. संशयाच्या जागी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. मागे न्हाणीघर असेल तर बहुधा तिथूनच. नव्या प्लास्टरवरही हेच दिसतं. ते पुरतं वाळू द्यावं, पंखा लावून घाई करण्यात अर्थ नाही. नळांचे सांधेही याच वेळी बघावेत. बोअरच्या जड पाण्याचं गळणं थेंबांनी नाही तरी पांढऱ्या क्षाराच्या कडेने ओळखू येतं. सिंकच्या खालचा निचरा, आरओची जोडणी आणि पाणी बंद करायचा कॉक हे तिन्ही पेटीचं दार उघडल्यावर हाताला आले पाहिजेत, ट्रॉलीच्या पाठीमागे नाहीत.

विजेचं सोपं आहे, फक्त वेळेवर झालं पाहिजे. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर ओढते, म्हणजे ६ अँपियरचा साधा सॉकेट तिला चालत नाही. १६ चा हवा, स्वतंत्र एमसीबीवर. ओव्हन आणि गिझरलाही तसाच. चिमणीचा पॉइंट वर, आणि तिच्या पाइपचं सहा इंची भोक टाइल लागायच्या आत पाडून घ्यायचं. वायर भिंतीत पुरण्याआधी टेप उघडी धरून भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. पेटी टांगताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे त्या फोटोवरून कळतं.

गॅसबद्दल मात्र तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की जमिनीवर साचतो. सिलिंडर बंद पेटीत ठेवायचं असेल तर त्या दाराला तळाशी जाळी हवीच. सिलिंडर उभंच राहिलं पाहिजे आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. रबरी नळी दीड मीटरहून लांब नको, पाच वर्षांनी बदलायची, आणि ती फळीच्या भोकातून नजरेआड नेणं हा शोभेसाठी घेतलेला धोका आहे. सिलिंडर बाहेर ठेवून तांब्याची नळी आत घ्यायची असेल तर एजन्सीच्या माणसाकडूनच, आणि पेट्या यायच्या आत.

प्लायच्या बाबतीत दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. शब्द ऐकू नका, तावावरचा आयएसआयचा शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याच्या डिंकाची परीक्षा उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून होते. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर त्याच्या खालचा. सिंकच्या पेटीला पहिला, बाकीला दुसरा, असं केलं तर पैसे वाचतात. भुशाच्या बोर्डाला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत मूळ जाडीवर येत नाही. जुलै २०२१ च्या पावसात भैंशाच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं, हे आठवत असेल तर खालच्या पेट्यांचे पाय पीव्हीसीचे, काढता येणाऱ्या पट्टीचे घ्या आणि पेटीचा तळ जमिनीला टेकू देऊ नका. निर्मलच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड किंवा आदिलाबादचा सागवान, दोन्हींची कीर्ती मोठी. पण पहिलं खेळण्यांसाठीच, मऊ आणि हलकं, आणि दुसरं आज दारांच्या चौकटीला परवडलं तरी खूप.

वाळवीचं काम पेट्या यायच्या आधीच्या आठवड्यात. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरतात आणि सिमेंटने बुजवतात. त्या वेळी स्वयंपाकघर पूर्ण रिकामं हवं, धान्याचा एक दाणाही आत नको. तसंही ते रिकामं करायचंच असतं. एक शेगडी, एक बादली, रोजची दहा भांडी आणि मिसळणाचा डबा मागच्या ओसरीत मांडून घ्या, आणि दोन आठवडे धरून चाला, दुकानदार चार दिवस म्हणाला तरी. कापूस विकून हाती पैसा येतो तो दिवाळी ते संक्रांत, तेव्हाच सगळ्यांची कामं निघतात आणि माणसं मिळत नाहीत. संक्रांतीनंतर आलेला कारागीर जास्त निवांत असतो.

टेम्पो आला की पेट्या लगेच स्वयंपाकघरात नेऊ नका. शेजारच्या कोरड्या खोलीत, जमिनीवर पट्ट्या टाकून, त्यांवर आडव्या ठेवा. यादीतला नंबर आणि पेटीवरचा नंबर जुळवून घ्या. एखादी पेटी उलट्या हाताची, म्हणजे डाव्या दाराऐवजी उजव्या दाराची आली असेल, तर ती आत्ताच परत करता येते. मग भिंतीवरची रेषा एकदा पुन्हा पाण्याने तपासून, कारागीर यायच्या आधी, वर टांगायच्या पेट्यांच्या तळाची पट्टी तिच्यापासून वर माप घेऊन, तिला समांतर ठोकून ठेवा. काम वरच्या पेट्यांपासून सुरू होतं, कारण खालच्या बसल्यावर त्यांवर वाकून ड्रिल मारणं अवघड. आणि वरच्यांतही पहिली लागते ती कोपऱ्यातली.